घड्याळ जिंकतं, मी आडवी होते

ताई, मी ४७ वर्षांची आहे. घर डोंबिवलीला, नोकरी फोर्टमध्ये. जेमतेम पाच तास झोपून पहाटे पाचला उठते, पोळ्या-डबे उरकून साडेसातच्या सुमाराची फास्ट पकडते आणि घरात परत पाऊल पडतं तेव्हा पावणेआठ झालेले असतात. सासूबाईंना दोन वर्षांपासून पलंगावरून उठायला-बसायला आधार लागतो. दिवसा एक बाई असते, ती सहाला जाते. मुलगी बारावीला. मिस्टर बदलीवर नागपूरला, महिन्यातून एक फेरी.

चार वर्षांपासून कंबर दुखते. एमआरआयमध्ये एल-४, एल-५ला, म्हणजे कमरेच्या खालच्या मणक्यांत, डिस्क बल्ज आहे, मधली गादी थोडी बाहेर फुगलेली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनची गरज नाही, व्यायाम करा, वजन कमी करा. माझं वजन ७४ किलो. गुढीपाडव्याला संकल्प सोडला : रोज १०,००० पावलं, पहाटे १२ सूर्यनमस्कार, साखर बंद, सातनंतर जेवण बंद, तीन महिन्यांत १२ किलो कमी. सहाव्या दिवशी उसण भरली, तीन दिवस आडवी होते. बरं वाटल्यावर पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. असं तीनदा झालं. मुलीने वाढदिवसाला दिलेलं घड्याळ रात्री साडेनऊला मनगटावर थरथरतं, की मी राहिलेल्या ८०० पावलांसाठी हॉलमध्ये फेऱ्या मारते. लोकल पकडायची म्हणून पेनकिलर घेते. परवा सासूबाईंवर ओरडले आणि मग बाथरूममध्ये नळ सोडून रडले. ऑफिसातली मैत्रीण म्हणते, मनावर घेतलंस तर होईल. मी आळशी आहे, की माझी कंबरच कामातून गेली आहे?
– दमलेली, डोंबिवली

प्रिय मैत्रिणी,

तुम्ही मनावर घेतलंत, हीच तर पंचाईत झाली आहे. आळशी माणूस रात्री साडेनऊला कंबर धरून हॉलमध्ये फेऱ्या मारत नाही. आणि तुमची यादी मी दोनदा वाचली. घरी पोचता पावणेआठला आणि सातनंतर जेवायचं नाही, म्हणजे हा संकल्प सोडला त्याच दिवशी मोडलेला होता. मग रोज रात्री ताटावर बसताना आपण हरलो असं वाटत राहणार, आणि ते पोळीबरोबर गिळायचं. यादी कुणाची तरी उचललेली आहे. ज्या बाईला डोंबिवलीहून फोर्टला जायचं नाही, जिला सासूबाईंना उठवायचं नाही आणि जिची कंबर दुखत नाही, तिची ती असावी.

पुढचं बोलण्याआधी एक तपासून घ्या. पायातली ताकद कमी झाली आहे का, पाऊल घासत पडतं का, मांड्यांच्या आतल्या बाजूला किंवा बसायच्या जागी बधिरपणा येतो का, लघवी-शौचावरचा ताबा सुटतो का? यातलं काहीही असेल तर हे पत्र बाजूला ठेवा आणि आजच डॉक्टरांकडे जा, उद्यावर ढकलू नका. दुखण्याबरोबर ताप, कारण नसताना घटणारं वजन किंवा रात्री कूस बदलूनही न थांबणारा ठणका असेल तरी दाखवून घ्या. हे दुखणं अंगावर काढायचं नसतं. तुमच्या पत्रात यातलं काही दिसत नाही, म्हणून पुढे लिहिते.

आधी ते दहा हजार. हा आकडा कुठल्या वैद्यकीय अभ्यासातून आलेला नाही. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये चालण्याची हवा होती, आणि १९६५मध्ये यामासा नावाच्या कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. त्याचं नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. आकडा गोल आहे, तोंडात बसतो, खपतो. तोच साठ वर्षांनी तुमच्या मनगटावर येऊन थरथरतो आहे. २०१९मध्ये अमेरिकेत सरासरी ७२ वर्षं वयाच्या सुमारे १७ हजार स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला २,७०० पावलं चालणाऱ्यांच्या मानाने ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि साधारण ७,५००च्या पुढे आणखी फायदा दिसेनासा झाला. त्या तुमच्यापेक्षा वयाने मोठ्या, आणि असा अभ्यास म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. पण ९,२००वर थांबलात तर काही बिघडत नाही, एवढं कळायला तो पुरे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२०च्या मार्गदर्शनात, व्यायाम सलग निदान दहा मिनिटं झाला तरच धरायचा, ही जुनी अट काढून टाकलेली आहे. पुलाचा जिना चढलात, तोही जमेला धरा.

शिवाय तुमचं घड्याळ पावलं मोजतं, भार मोजत नाही. लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्ध्या बुडाने टेकून काढलेला सव्वा तास त्याला विश्रांती वाटतो. सासूबाईंना पलंगावरून उठवताना तुमच्या कमरेवर जे येतं, त्याची त्याच्या हिशेबी शून्य पावलं.

आता तो रिपोर्ट. ‘डिस्क बल्ज’ वाचलं की घरात सगळे म्हणायला लागतात, गादी सरकली, मणक्यात गॅप आला, नस दबली. माझ्याकडे येणारे लोक ती फाइल बाळासारखी छातीशी धरून येतात. २०१५मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला होता. त्यात ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा तीन हजारांहून जास्त लोकांचे स्कॅन पाहिले होते. त्यांच्यातही चाळिशीतल्या निम्म्या लोकांत डिस्क बल्ज होता, पन्नाशीत साठ टक्के लोकांत. केस पिकावेत तसं ते आहे. तेव्हा कंबर कामातून गेली, असं त्या कागदावरून ठरत नाही.

मग इतकं दुखतं का? दुखणं खरंच आहे, मनाचे खेळ वगैरे मी म्हणणार नाही. सोसायटीत एकदा चोरी झाली की पुढे महिनाभर वॉचमन दूधवाल्यालाही अडवतो, तसं शरीराचं होतं. तीन महिन्यांहून जास्त चाललेल्या दुखण्यात मज्जासंस्था जरा जास्तच राखण करायला लागते. साध्या हालचालीलाही ‘थांबा’ म्हणून कळ काढते. त्यात झोप पाच तासांची, डोक्यावर मुलीची परीक्षा, सहानंतर सासूबाई कशा असतील ही धाकधूक. वॉचमनला रात्रपाळीवर रात्रपाळी लावल्यासारखं आहे हे. ताण कमी झाला की कंबर दुखायची थांबेल, असं नाही. पण ताण तसाच ठेवून नुसता व्यायाम वाढवला, तर तुमचं तीनदा झालं तेच चौथ्यांदा होईल.

कंबर बरी असली की तुम्ही मागचं सगळं भरून काढायला जाता, मग उसण, मग आडवं, मग अपराधी वाटणं, मग पुन्हा दुप्पट जोर. दर फेरीत आडवं असताना ताकद थोडी कमी होते आणि भीती थोडी वाढते. आपल्याकडे याला आरंभशूर म्हणून टोमणा मारतात. मला तो टोमणा इथे अन्यायाचा वाटतो, कारण चूक शौर्याची नाही, हिशेबाची आहे.

हा हिशेब वारीत चांगला सांभाळलेला दिसतो. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, अडीच-तीन आठवड्यांची चाल, आणि त्यात गुडघे-कंबर धरून चालणारी सत्तरीतली माणसं असतात. त्यांना ते जमतं याचं श्रेय आपण भक्तीला देतो, ते आहेच. पण मुक्काम आधी ठरलेला असतो, हेही आहे. आज पायात जोर आहे म्हणून पालखी दोन मुक्काम एकदम गाठत नाही. वाटेत विसावे ठरलेले, आणि माणसं दमली आहेत की नाहीत हे न विचारता पालखी तिथे टेकते. पुण्याहून दिवे घाट चढून सासवडला जायचा टप्पा सगळ्यांत लांबचा, तर बहुतेक वर्षी सासवडला दोन रात्री. किती चालायचं हे त्या दिवशीचा उत्साह ठरवत नाही आणि त्या दिवशीचं दुखणंही ठरवत नाही.

तुम्ही आता उलट करता. दुखेपर्यंत चालता, दुखलं की थांबता. म्हणजे रोज दुखण्याला विचारून ठरवता, आणि तेही दिवसेंदिवस जास्त बोलायला शिकतं.

तेव्हा असं करा. तीन वेगवेगळ्या दिवशी नेहमीच्या चालीने चाला आणि कंबर कुरकुरायला किती मिनिटं लागली ते लिहून ठेवा. समजा १२, २० आणि ८ मिनिटं आली. सरासरी तेरा. त्यातला पाचवा हिस्सा हातचा राखा, उरली साधारण दहा. हा तुमचा मुक्काम. दोन आठवडे रोज दहा मिनिटं. वाईट दिवशी दहा, आणि चांगल्या दिवशीही दहाच. दुसरं जास्त अवघड आहे, हे मी अनुभवाने सांगते. माझा खांदा आखडला होता तेव्हा इतरांना रोज सांगते तेच मी पाळलं नाही. एका रविवारी हात वर जातोय म्हणून दिवाळीच्या आधीच सगळे पंखे पुसून काढले आणि पुढचे दहा दिवस केस विंचरायला लेकीला बोलावलं.

दोन आठवडे नीट गेले की आठवड्याला एक मिनिट वाढवा, त्याहून जास्त नाही. चालल्यावर थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत नेहमीच्या पातळीवर आलं, तर चालेल. नाही आलं तर त्या आठवड्यात वाढवू नका. उसण भरलीच तर त्या दिवसांत निम्मं करा, पाच मिनिटं, घरातल्या घरात. शून्य करू नका. पूर्वी कंबरदुखीला आठवडाभर पडून राहायला सांगत असत, ते आता साधारणपणे कुणी सांगत नाही.

आणि यासाठी वेगळा वेळ काढू नका, कारण तो तुमच्याकडे नाही. सीएसएमटीला उतरून ऑफिसला जायला बस घेत असाल, तर सकाळची ती बस सोडा. फोर्टमध्ये कुठेही जायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. मुक्काम दहाचा असेल आणि ऑफिस पंधरावर, तर वाटेत एखाद्या कट्ट्यावर दोन मिनिटं टेका. संध्याकाळी मात्र खुशाल बसने या. साडेनऊच्या फेऱ्या आजपासून बंद. घड्याळातलं लक्ष्य मुलीकडून ५,०००वर आणून घ्या आणि रात्रीचं ते थरथरणं बंद करायला सांगा. तिने प्रेमाने दिलंय म्हणून काढून ठेवणं तुमच्याने होणार नाही, हे मला माहीत आहे.

सूर्यनमस्कारांबद्दल जरा वाईट बोलणार आहे, माफ करा. व्यायाम उत्तम आहे. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी तो संस्थानातल्या शाळांतून मुलांना शिकवला, तेव्हा समोर शाळकरी पाठी होत्या. एका नमस्कारात दोनदा पूर्ण वाकावं लागतं, बारांत चोवीस वेळा. आणि तुम्ही ते पहाटे उठल्या उठल्या करता. रात्रभर आडवं राहिल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, पहिल्या तासाभरात खोल वाकणं त्यांना जड जातं. म्हणून सध्या नमस्कार बाजूला ठेवा. रात्री झोपण्याआधी गादीवर नव्हे, सतरंजीवर, मार्जारासन (हात-गुडघ्यांवर राहून पाठ वर-खाली करणं) सहा-सात वेळा आणि सेतुबंधासन (उताणं झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलणं) पाच वेळा, घाई न करता. सहा मिनिटांत होतं. पहाटेची कणीक खाली बसून वाकून मळत असाल तर ती ओट्यावर आणा, किंवा रात्रीच मळून फ्रीजमध्ये ठेवा. ताजी कणीकच हवी, असा घरात कुणाचा आग्रह असेल तर त्यांना पहाटे पाचला मळायला बोलवा.

वजनाचं थोडक्यात. तीन महिन्यांत १२ किलो हे तुमच्या हातातलं काम नव्हे, तो निकाल आहे, आणि निकालावर आपला ताबा थोडाच असतो. मुलीला तुम्ही रोज दोन तास बस म्हणत असाल, रोज टक्के वाढव म्हणत नसाल. वजनाच्या पाच टक्के, म्हणजे तुमचे साडेतीन-पावणेचार किलो, सहा महिन्यांत उतरले तरी रक्तदाब-साखरेला फरक पडू लागतो. त्यासाठी यादीतलं एकच ठेवा, साखर, आणि तीही बंद न करता चहापुरती निम्मी. रात्रीचं जेवण घरी पोचल्यावर लगेच, सव्वाआठला. सातनंतर जेवण बंद, हे कलम खोडून टाका. सवय लागायला २१ दिवस लागतात असं कुणी सांगेल, त्याच्याकडे लक्ष देऊ नका. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या एका अभ्यासात सरासरी ६६ दिवस लागले होते, कुणाला १८, तर कुणाला आठ महिन्यांहूनही जास्त लागतील असा अंदाज निघाला. मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून त्या लोकांचं फारसं बिघडलं नव्हतं.

पेनकिलरबद्दल मला खरी काळजी वाटली. आठवड्यात किती घेता ते पत्रात नाही. लोकलसाठी म्हणून रोज घेत असाल तर पोट, मूत्रपिंड आणि रक्तदाब या तिघांवर त्याचा बोजा पडतो, आणि कळ दबली की आपण त्या दिवशी जास्त कामं ओढतो, ते वेगळंच. गोळीचं पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि किती घेतल्या ते खरं सांगा. त्याच फेरीत हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासायचं का, ते विचारा. पाळी पुढेमागे व्हायला लागली असेल तर तेही सांगा. या वयात झोप मोडायला तेही एक कारण असतं, आणि बायका ते नेमकं दाराशी, चप्पल घालताना सांगतात.

आता ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते. तुमच्या यादीत पाच संकल्प आहेत आणि पाचही तुम्ही एकटीने पाळायचे आहेत. कंबरेवर भार टाकणाऱ्या गोष्टींतली एकही कमी करायचा संकल्प त्यात नाही. मी तुमच्या जागी असते तर पहिलं कलम हे लिहिलं असतं : दिवसाच्या बाईंनी सहाऐवजी साडेआठला जायचं. त्यांना जमत नसेल तर तेवढ्या वेळेपुरती ब्युरोची बाई. पैसे लागतील. पण घड्याळ, कमरेचा पट्टा, गोळ्या आणि प्रत्येक उसणीत बुडालेली रजा यांचाही खर्च आहेच, तो कुणी मांडत नाही इतकंच. आणि हे पैसे कुठून यायचे, हा प्रश्न नागपूरलाही पाठवा. तुमचे मिस्टर महिन्यातून एकदा येतात, पण फोन रोज चालतो. सासूबाईंची औषधं ऑनलाइन मागवणं, बाईंचा पगार, त्यांच्या सुट्ट्यांची सोय, वीजबिल, सगळं नागपुरातून होतं. आई त्यांची आहे.

दुसरं कलम, उचलण्याची रीत. एखाद्या फिजिओथेरपिस्टना एकदाच घरी बोलवा, तुमच्या कमरेसाठी नव्हे, सासूबाईंना उठवायचं कसं ते शिकायला. पलंग बुटका असेल तर पायांखाली ठोकळे लावून उंच करता येतो. त्यांना आधी कडेला बसवायचं, पाय जमिनीवर टेकवायचे, आणि तुम्ही पाठीतून न ओढता गुडघ्यात वाकून, त्यांना आपल्या अंगाजवळ घेऊन उठवायचं. बाईंनाही आणि मुलीलाही शिकू द्या. बारावीच्या मुलीला आजीला एकदा उठवायला दोन मिनिटं लागतात, त्याने तिची वर्षभराची तयारी वाया जात नाही.

ओरडण्याबद्दल तुम्ही इतकं लाजून लिहिलं आहे, की मला वाटलं पुढे काही भयंकर येणार. दुखणाऱ्या अंगाने, पाच तासांच्या झोपेवर दोन वर्षं कुणाचं तरी करणारा माणूस कधीतरी ओरडतो. सासूबाईंना ‘चुकलं माझं’ म्हणा, बहुधा म्हणूनही झालं असेल. परतीच्या लोकलमध्ये बसायला मिळालं की पाच मिनिटं श्वासाकडे लक्ष द्या, चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. त्याने घरचे प्रश्न सुटणार नाहीत, पण दार उघडताना खांदे कानाला लागलेले नसतील. आणि नळ सोडून रडणं आठवड्यातून दोन-तीनदा व्हायला लागलं, सकाळी उठावंसंच वाटेनासं झालं, तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर, म्हणजे मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर, फोन करा. सरकारी सेवा आहे, फुकट, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं.

मैत्रिणीने पुन्हा ‘मनावर घे’ म्हटलं, तर तिला सकाळी सीएसएमटीहून तुमच्याबरोबर दहा मिनिटं चालायला सांगा. अकराव्या मिनिटाला तुम्हाला थांबवायचं काम तिचं.

गणपतीच्या आठवड्यात मिनिटं वाढवायची नाहीत, जिथे आहात तिथेच राहायचं. मखराची खोकी आणि मोठी पातेली माळ्यावरून कधी काढायची, ते मिस्टरांच्या त्याआधीच्या फेरीवर सोपवा. तारीख आजच फोनवर सांगून टाका, तिकीट मिळत नाही.